उजवीकडचं 'हो'

जगातल्या सगळ्या भांड्यांना एकच झाकण बसलं पाहिजे, असं मानणारा माणूस मी जन्मात एकच पाहिला, आणि तो दोन वर्षं माझ्याच घरात राहिला. हा माझ्या नणंदेचा मुलगा. मी त्याची मामी. वय चाळिशीला टेकलेलं, लग्न नाही, केस पुढून गेलेले आणि मागून वाढलेले. पुण्यात कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम लिहायची बरी नोकरी होती. ती सोडून एके दिवशी भर दुपारी तो आचऱ्याला माझ्या दारात येऊन उभा राहिला. खांद्याला बॅग आणि कॉम्प्युटरचं खोकं तान्ह्या मुलासारखं छातीशी धरलेलं. "मामी, मी तुझ्याकडे राहून काम करणार आहे. हो, नाही, की नंतर सांगतेस?" असं त्याने उंबऱ्याबाहेरूनच विचारलं. मला वाटलं, ऊन लागलं असेल. पाणी दिलं. पाणी पिऊनही तो तसाच बोलत राहिला, तेव्हा कळलं की हे ऊन नव्हे, हा स्वभाव आहे.

त्या झाकणाचं आधी सांगते, म्हणजे माणूस कसा ते कळेल. आल्यावर महिन्याभरात त्याने माझ्या सगळ्या टोपांची, पातेल्यांची आणि डब्यांची तोंडं टेपने मोजली. मग सुताराकडे बसून फणसाच्या लाकडाचं एक झाकण करवून आणलं. खालच्या अंगाला गोल गोल सात पायऱ्या, मोठ्या भांड्यावर मोठी पायरी बसते, लहानावर लहान. मला राग याचा, की ते खरंच सगळ्यांवर बसायचं. पण एक झाकण म्हणजे एकच ना? जुनी झाकणं त्याने गोणीत भरून माळ्यावर टाकली होती. भातावर झाकण ठेवलं की कढी उघडी, कढीवर ठेवलं की दूध उघडं. मांजरीने दोन वेळा बांगड्याचं तिखलं खाल्लं. मी ओरडले तर म्हणतो, "मामी, एका वेळी एकच भांडं उघडं राहील असं बघ ना." आणि वाटणाच्या दगडासारखं ते उचलायला दोन हात लागत. "ह्या झाकण आसा काय रगडो, मेल्या?" असं मी रोज विचारायची. त्याचं उत्तर ठरलेलं, "पण बसतं की नाही?"

बोलणंही सगळं त्याच एका साच्यातलं. प्रश्न विचारला की खाली उत्तरं तयार. "मामी, चहा टाकतो. हो, नाही, नंतर?" "मामी, पंखा बंद करतो. हो, नाही?" मी 'बघूया' म्हटलं तर चालायचं नाही. 'बघूया' हे उत्तर त्याच्या यादीत नव्हतं. कोळीण दारात आली की तिच्या टोपलीत बघून तिलाच विचारायचा, "बांगडे ताजे. हो, नाही, रद्द?" ती बिचारी टोपली डोक्यावर तशीच धरून माझ्याकडे बघायची. एकदा न राहवून म्हणाली, "गो वयनी, ह्यो झील कोर्टात कामाक होतो काय गो? माका साक्षीदारासारखो इचारता." घरातून बाहेर पडताना हा "जातो" म्हणायचा. माणसाने जाताना 'येतो' म्हणावं, ही साधी रीत. मी दोन वर्षं रोज ओरडले, "जातंय म्हणा नको, येतंय म्हण." तो म्हणायचा, "मामी, मी जातोय तर येतो कसं म्हणू? चुकीची माहिती होईल ती."

आता त्याचं काम. मला समजलं तेवढं सांगते. कचेऱ्यांत, सोसायट्यांत, दुकानांत कॉम्प्युटरवर फॉर्म भरतात. नाव, गाव, तारीख. भरता भरता मध्येच एक लहानशी चौकट पुढे येते आणि काहीतरी विचारते. ठेवू का, पुसू का, तारीख कुठली, नाव कुठलं. तिला तो डायलॉग म्हणायचा. प्रत्येक माणूस प्रत्येक प्रोग्रॅमला ही चौकट नव्याने बनवतो, आणि हेच त्याच्या जिवाला लागलं होतं. "मामी, मी एकदाच करणार. अशी करणार की कुठल्याही फॉर्मला लावा, बसली पाहिजे." मी म्हटलं, झाकणासारखी. त्याचा चेहरा असा उजळला की मला बोलल्याचा पश्चात्ताप झाला. मग मला समजवायला बसला, की दाराची चौकट सुतार प्रत्येक घरात पुन्हा करतो, ती एकदा नीट केली तर कुठल्याही भिंतीत बसवता येईल, भिंत ज्याची त्याची. मी म्हटलं, "बरा. पण वरीस झाला, तू चौकट घेवन उभो आसस. भिंत खंय?" भिंत नव्हतीच. खोबरेल काढणाऱ्या एका गिरणीवाल्याने साधा एक फॉर्म मागितला होता. याने त्याला चार महिने थांबवून फक्त तारीख विचारायची चौकट घासूनपुसून तयार केली. गिरणीवाला वही घेऊन मोकळा झाला.

तो राहायला आला तेव्हाचं एक सांगायचं राहिलं, आणि पुढचं सगळं त्यावर आहे. माझ्या नणंदेला, म्हणजे वन्संना, मुलाने नोकरी सोडलेली मुळीच मंजूर नव्हती. त्यांनी पुण्याहून फोन करून मला सांगितलं, "वहिनी, देवाक इचार. देव हो म्हणालो तरच ठेव, नायतर पुढच्या गाडीत बसव." म्हणून मी त्याला घेऊन देवळात गेले. आमच्याकडे गुरव देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या लावतो, गाऱ्हाणं घालतो आणि वाट बघायची. उजवीकडची पाकळी पडली तर देवाचं हो, डावीकडची पडली तर नाही. बारशापासून घराच्या पायापर्यंत आम्ही असाच कौल लावून विचारत आलो. त्या दिवशी पाकळी उजवीकडची पडली. मी हात जोडले. हा मात्र गुरवाच्या मागे लागला, "आणि कुठलीच पडली नाही तर?" गुरव म्हणाला, "मगे थांबाचा. देवाक घाई करूची नाय." घरी येताना रस्ताभर तो हातवारे करत होता. "मामी, हा डायलॉगच आहे! एक प्रश्न, दोन उत्तरं, आणि उत्तर येईपर्यंत पुढचं काम बंद!" देवळातून येऊन माणूस काय घेऊन येईल सांगता येत नाही. याने एवढं सगळं बघितलं आणि बघायचं तेच बघितलं नाही.

पुढे चौकटी तयार होऊ लागल्या तशी माझी दुपारची झोप गेली. जेवून लवंडले की हा पायथ्याशी उभा. "मामी, पाच मिनिटं. हो, नाही?" नाही म्हटलं तर पुन्हा दहा मिनिटांनी तेच. त्याला बघायचं होतं की चौकट कोणालाही वापरता येते की नाही, आणि 'कोणालाही' म्हणजे मी. "तू चौथीपर्यंतच शिकलीस, हे माझं नशीब आहे मामी," असं तो मनापासून म्हणायचा. मी त्याला उलथनं का फेकून मारलं नाही, हे मला अजून कळलेलं नाही. मग मी एका बोटाने फॉर्म भरत बसायची. आंब्याच्या बागांचा फॉर्म होता, बागवाल्याचं नाव, गाव, कलमं किती. जिवंत माणसांची नावं घालून कशाला भानगड, म्हणून मी मेलेल्यांची घालायची. सासऱ्यांची चार कलमं होती, मी चाळीस लिहिली. शेवटी चौकट यायची, 'सदर माहिती जतन करावयाची आहे काय?' आणि खाली दोन बटणं. मी एक दाबायची आणि सासरे चाळीस कलमांसकट नाहीसे व्हायचे.

"मामी, तू नाही दाबलंस!"

"मी हो दाबलंय."

"अगं, हो डावीकडे आहे. उजवीकडे नाही आहे. वाच ना!"

वाचता मला येतं. चष्मा लावून मी रोज पोथी वाचते. पण फॉर्म भरून झाला की हात आपोआप उजवीकडे जायचा. दुसऱ्या दिवशी तेच, आठवड्याने तेच. तो डोकं धरून बसायचा आणि म्हणायचा, "जगभर हो डावीकडेच असतं मामी, सगळ्या कॉम्प्युटरवर." मी म्हणायची, "जग माझ्या घराक येवन बसूक नाय." तोंडाने म्हणायची एवढंच. मनात मला वाटायला लागलं होतं की चौथी ती चौथीच, आपल्याला हे जमायचं नाही. हे मी त्याला सांगितलं नाही. त्याला काय सांगायचं, तो विचारणार, "वाईट वाटलं. हो, नाही?"

एका चौकटीवर मात्र मी हटून बसले. पुसायच्या आधी ती विचारायची, 'सदर नोंद कायमस्वरूपी नष्ट करावयाची आहे काय?' मी म्हटलं, असं कोण बोलतं? तलाठीसुद्धा घरी असं बोलत नसेल. "मग तू कसं विचारशील?" तो म्हणाला. मी म्हटलं, "पुसलंस तर परत गावाचा नाय. पुसू?" एकदा गेलं की सापडायचं नाही, एवढंच तर सांगायचं. त्याने हसत हसत ते तसंच्या तसं चौकटीत टाकलं आणि नंतर बदलायचं विसरला. त्याच्या हातून विसरली गेलेली ती एकच गोष्ट.

दोन वर्षं होत आली आणि वन्संचा धीर संपला. पुण्यात जुन्या ओळखीतली एक नोकरी अजून त्याच्यासाठी थांबली होती. नेमकं तेव्हाच जामसंड्याच्या आंबेवाल्या बागायतदारांच्या एका सोसायटीने त्याला बोलावलं, येऊन दाखवा म्हणाले. आवडलं तर सोसायटीचे सगळे फॉर्म तो करणार. वन्संनी मला फोनवर बजावलं, "वहिनी, ह्यो शेवटचो. जमला तर ऱ्हवांदे थंय. नाय जमला तर तूच तेका जामसंड्यातसून पुण्याच्या गाडीत बसव. घराक परत आणू नको, तो चिकाटता." मी बरं म्हटलं. मला काय? झोप परत मिळणार होती, माळ्यावरची झाकणं खाली येणार होती. आदल्या दिवशी त्याने बॅग भरली. जेवताना एकही प्रश्न विचारला नाही. भात संपल्यावर मी विचारलं, "अजून वाढू?" तर नुसती मान हलवली. हो की नाही, तेही कळेना. दोन वर्षांत पहिल्यांदा.

सकाळच्या एस्टीने आम्ही गेलो. सोसायटीच्या कचेरीत चेअरमन होते, दोन-चार बागवाले होते आणि बागांच्या नोंदी ठेवणारी एक बाई होती. निवृत्तीला आलेली, चष्मा दोरीने गळ्यात बांधलेला, आजवर सगळा कारभार वह्यांत केलेला. नव्या प्रोग्रॅमवर बसायचं तिलाच होतं, म्हणून चेअरमन म्हणाले, "बाईंना जमलं तर आम्हाला जमलं." बाई बसली. हात भराभर चालणारा. नाव, गाव, कलमं, सगळं झटक्यात भरलं. चौकट आली. बाईने उजवीकडचं बटण दाबलं. फॉर्म कोरा.

"बाई, चुकून नाही दाबलं गेलं," आमचा म्हणाला.

तिने पुन्हा भरलं. चौकट आली, बाईने उजवीकडचं दाबलं. पुन्हा कोरा. चेअरमन खोकले. मागून एक बागवाला म्हणाला, "ह्या लिवता काय खाता?" बाकीचे हसले. याच्या कपाळावर घाम. "बाई, जरा वाचून दाबा ना." बाई तापली. "ए, माका वाचूक शिकवतस? तुझ्या जन्माआधीपासून मी हंयसर वाचतंय!" तिसऱ्यांदा भरलं. मी या वेळी पडद्याकडे बघितलंच नाही, तिच्या हाताकडे बघत राहिले. तो हात माझाच होता. आपोआप, न थांबता, उजवीकडे.

फॉर्म कोरा झाला. चेअरमननी घड्याळाकडे बघितलं. आमच्याने बॅगेच्या पट्ट्याला हात घातला. तेव्हा मी बाकावरून उठले.

"बाय, तुमचा म्हायार खंयचा?" मी विचारलं.

"हंयचाच. देवळाच्या बाजूक. कित्याक?"

"तुमच्या देवळात कौल लावतत?"

"लावतत तर."

"हो म्हंजे खंयची पाकळी?"

"उजवी," बाई म्हणाली. "आणि खंयची? लहान पोरग्याक इचार."

"मामी, हे आत्ता कशाला," असं तो पुटपुटला आणि तिथेच थांबला. तोंड उघडं. मी त्याच्याकडे वळले. "दोन वर्सां माझ्या डोक्यार बसलंस, वाच वाच म्हणान. देवाक हो म्हणूक उजवी लागता. तुझ्या पेटयेक डावी कित्याक?" चेअरमन स्वतःच म्हणाले, "खराच की ता." कचेरीतली मराठी त्यांच्या तोंडून तेवढ्यापुरती उडाली होती.

त्याने बॅग खाली ठेवली. "चहा होईपर्यंत वेळ द्या," म्हणाला. मला वाटलं, झालं. चाळीस-पन्नास चौकटी, एक तारीख विचारायची करायला चार महिने घेतले होते याने. डावीचं उजवी करता करता पुढचा आंबा येऊन जाईल. चहा आला. मी माझा संपवला. त्याच्या कपावर साय धरायच्या आत तो खुर्चीवरून उठला. "बसा बाई." बाई फुरंगटूनच बसली. भरलं, चौकट आली, उजवीकडचं दाबलं. राहिलं. दुसरा फॉर्म, तिसरा फॉर्म, सगळीकडे हो उजवीकडे. "सगळ्या बदलल्यास?" मी विचारलं. तो म्हणाला, "सगळ्या कुठे, मामी? चौकट एकच आहे. एका जागी बदलली की सगळीकडे बदलते." दोन वर्षं तो हेच सांगत होता आणि मी भिंत शोधत होते. हे मी तेव्हा बोलले नाही, आताही तो वाचणार नाही म्हणून लिहिते आहे.

एवढ्यात बाईने मुद्दाम पुसायचं बटण दाबून बघितलं आणि चेअरमननी मान पुढे करून मोठ्याने वाचलं, "पुसलंस तर परत गावाचा नाय. पुसू?" आमचा लालबुंद झाला. "ते... ते बदलायचं राहिलं. आता शुद्ध करतो." चेअरमन म्हणाले, "हात लावू नको. आमची आये अशीच बोलायची. ह्या वाचल्याशिवाय कोण पुसाचो नाय." बाई माझ्याकडे बघून चष्म्यावरून हसली. कोणाचे शब्द ते तिने ओळखलं होतं.

पुण्याच्या गाडीसाठी भरलेली बॅग त्या दिवशी सोसायटीच्या मागच्या खोलीत गेली. मी एकटी परत आले. गाडीत शेजारची जागा रिकामी होती, तिथे पिशवी ठेवता आली, बरं झालं. वन्संचा फोन आला, "वहिनी, तुका हाकलूक सांगलेला, तू कामाक लावलंस!" आता त्याच्या चौकटी आणखी दोन-तीन सोसायट्यांत बसल्यात. कुठल्या तरी कचेऱ्यांत माणसं रोज माझी बोलणी खातात आणि मगच पुसतात. तो रविवारी येतो म्हणतो. एखाद्या रविवारी येतो. माझी दुपारची झोप मला परत मिळाली, पण आता ती लागत नाही, तो वयाचा दोष. जुनी झाकणं मी माळ्यावरून काढलेली नाहीत. कोण चढणार? त्या फणसाच्या रगड्यावरच चाललं आहे.

जुना कॉम्प्युटर त्याने माझ्याकडेच ठेवला. त्यात मला एक वही करून दिली आहे, हे सगळं मी त्यातच एका बोटाने लिहिते. बंद करताना तीच चौकट पुढे येते. आधी ती 'बंद करायचं?' असं विचारायची. मागच्या खेपेला तो आला आणि काहीतरी खुडबुड करून गेला. गेल्यावर संध्याकाळी मी वही मिटायला गेले, तर चौकटीत लिहिलेलं, 'मामी, येतंय मी.' खाली दोन बटणं, उजवीकडे 'ये', डावीकडे 'थांब'.

शेवटी शिकला म्हणायचा.

डावीकडचं दाबलं की ती चौकट खरंच थांबते, त्याच्यापेक्षा ती शहाणी. मी दोनदा थांब दाबते. तिसऱ्यांदा ये. उगाच वीज कशाला जाळायची.